सुगरण : नाव, लिंग आणि निरीक्षण
सलीम अली यांच्या १९३१ च्या निबंधाचे भाषादृष्ट्या परीक्षण

१

पक्षिविषयक शास्त्रीय लेखन सामान्यतः त्यातील माहितीसाठी वाचले जाते. ती माहिती कोणत्या शब्दांत मांडली आहे, त्या शब्दांनी निरीक्षकाला कोठे साहाय्य केले आणि कोठे अडविले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तथापि काही निबंध असे असतात, की हा प्रश्न विचारल्यावाचून त्यांचे पूर्ण महत्त्व ध्यानी येत नाही. सलीम अली (१८९६–१९८७) यांचा सुगरण पक्ष्याच्या घरटे बांधण्याच्या सवयींवरील निबंध हा त्यांपैकी एक होय. तो मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या निबंधाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सलीम अली १९२९ मध्ये बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकावयास गेले. श्ट्रेझेमान यांच्या मार्गदर्शनाने त्यांची दृष्टी पेटीतील पक्ष्यांच्या कातड्यांवरून जिवंत पक्ष्याच्या वर्तनाकडे वळली. १९३० मध्ये परतल्यावर मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा राहिली नव्हती. त्यामुळे अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी त्यांनी मुक्काम केला. तेथे पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची एक वसाहत जवळच नांदत होती. नोकरी नसलेल्या या काळात त्यांनी दिवसेंदिवस तिच्यापाशी बसून जी टिपणे केली, त्यांतून हा निबंध उभा राहिला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने यात एक विशेष आहे. ज्या किनाऱ्यावर हे निरीक्षण झाले, तेथील बोलीत या पक्ष्याचे नावच मुळी ‘सुगरण’ असे आहे. हे नाव पक्ष्याविषयी एक विधान करते, आणि सलीम अलींच्या निरीक्षणाने जे विधान खोडून काढले ते नेमके हेच. निबंध इंग्रजीत लिहिलेला असल्यामुळे त्यात हा संघर्ष उघड होत नाही. मराठीत तो सांगू गेल्यास पहिल्याच वाक्यात उघड होतो. प्रस्तुत परीक्षणाचा विषय हा संघर्ष आहे.

२

प्रथम निबंधातील निष्कर्ष पाहावा. सुगरण, म्हणजे शास्त्रीय नामावलीतील प्लोसियस फिलिपिनस, हा चिमणीएवढा पक्षी. एरवी नर आणि मादी दोघेही चिमणीच्या मादीसारखे मातकट दिसतात. विणीच्या दिवसांत मात्र नराच्या माथ्यावर आणि छातीवर झगझगीत पिवळा रंग येतो. पाऊस सुरू होऊन गवत आणि भाताची रोपे उंच झाली, की नर त्यांच्या पात्यांच्या, तसेच माडाच्या किंवा ताडाच्या झावळ्यांच्या लांब चिरफळ्या काढून आणतो आणि त्या विणून घरटे टांगतो. एका घरट्यासाठी ५०० पर्यंत खेपा होतात. पुरे घरटे व्हावयास सुमारे १८ दिवस लागतात. विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेल्या फांद्या, ताडमाडाच्या झावळ्या आणि बाभळीसारखी काटेरी झाडे यांना पसंती दिली जाते.

येथवरची माहिती पूर्वीच्या निरीक्षकांनाही होती. सलीम अलींनी नवे पाहिले ते पुढील क्रमात. नर घरटे एकदम पुरे करीत नाही. सुमारे आठ दिवसांत त्याचा आकार उपड्या शिरस्त्राणासारखा झाला, की तो थांबतो. मग वसाहतीकडे माद्यांचा थवा येतो. नर आपापल्या अर्धवट घरट्यांना लोंबकळून, पंख फडफडवीत त्यांना बोलावतात. मादी आत शिरून बांधणी तपासते, ओढून पाहते, आणि पुष्कळदा निघून जाते. एखादीने घरटे पसंत केले म्हणजे जोडी जमते. त्यानंतरच नर अंड्यांची खोली बंद करून खाली लांब नळीसारखे प्रवेशद्वार विणतो. मादी दोन ते चार पांढरी अंडी घालते, एकटीच ती उबवते आणि पिलांना भरविण्याचा मुख्य भारही तीच वाहते. दरम्यान नर त्याच झाडावर दुसऱ्या घरट्याला आरंभ करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. अशा रीतीने एका हंगामात एक नर एकामागून एक अनेक माद्यांशी जोडी जमवू शकतो.

या क्रमामुळे एक जुने कोडे सुटले. सुगरणींच्या झाडावर पुऱ्या घरट्यांच्या जोडीने नळी नसलेली अनेक अर्धवट घरटीही लोंबत असतात. मादी आत अंडी उबवीत असता नराला बसावयास हा झोपाळा असतो, असा त्यांचा उलगडा पूर्वी केला जाई. एका घरट्यात एक दांपत्य, ही कल्पना आधीच मनात धरल्यामुळे जास्तीच्या घरट्यांना काहीतरी काम देणे भाग पडत होते. सलीम अलींनी दाखविले की ही नापसंत झालेली किंवा अद्याप गिऱ्हाईक न मिळालेली घरटी होत. वस्तू तीच राहिली. तिच्यामागचा क्रम कळताच तिचा अर्थ पालटला.

३

आता नावाकडे वळावे. ‘सुगरण’ हा शब्द ‘सुगृहिणी’ या संस्कृत शब्दाचा मराठी अवतार होय. स्वयंपाकात आणि घरकामात निपुण असलेली स्त्री, हा त्याचा आजचाही रूढ अर्थ. पक्ष्याला हे नाव देताना लोकांनी दोन गोष्टी एकत्र केल्या: घरट्याच्या विणकामाचे कौशल्य आणि ते कौशल्य घरधनिणीचे असल्याचा समज. पहिली गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली आहे. दुसरी माणसाच्या घरातून आणलेली आहे.

येथे भाषाशास्त्रीय दृष्टीने एक भेद काळजीपूर्वक करावा लागतो. मराठीत पक्ष्यांच्या नावांना व्याकरणिक लिंग असते, पण ते बहुधा पक्ष्याच्या नरमादीपणाविषयी काहीच सांगत नाही. ‘घार’ आणि ‘टिटवी’ स्त्रीलिंगी, ‘बगळा’ आणि ‘होला’ पुल्लिंगी, ‘गिधाड’ आणि ‘घुबड’ नपुंसकलिंगी. यावरून घारींत नर नसतात किंवा गिधाडे लिंगहीन असतात, असे कोणी समजत नाही. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) लिंगविचाराला स्वतंत्र स्थान आहे, लिंग हा नामाचा धर्म असून तो वस्तूच्या धर्माशी जुळतोच असे नाही, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला नवी नाही. ‘मोर’ आणि ‘लांडोर’ यांसारख्या जोड्यांत मात्र लिंगभेद शब्दभेदानेच दाखविला जातो.

‘सुगरण’ या दोन्ही वर्गांत बसत नाही. ‘घार’ हे केवळ नाव आहे. ‘सुगरण’ हे नावाच्या रूपातील विधान आहे. त्याचे स्त्रीत्व व्याकरणापुरते नसून अर्थातच आहे. त्यामुळे ‘सुगरण नर’ असे म्हणताना मराठी कानाला जी किंचित अडखळ जाणवते, ती ‘घारीचा नर’ म्हणताना जाणवत नाही. ‘कोकिळा’ या शब्दाची स्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. वसंतात गाणारा पक्षी काळाभोर नर असतो आणि मादी ठिपकेदार तपकिरी असते. तरीही ‘कोकीळ’ हा पुल्लिंगी शब्द हाताशी असताना गाण्याचे श्रेय मराठी भाषक बहुधा ‘कोकिळे’ला देतो. मात्र तेथे चूक रूढीची आहे, शब्दार्थाची नाही. सुगरणीच्या बाबतीत ती शब्दाच्या गाभ्यात आहे.

तरीही या नावाला केवळ चूक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. हंगामाच्या उत्तरार्धात, घरटे पुरे झाल्यावर, चोचीत किडे घेऊन नळीतून वारंवार आतबाहेर करणारा पक्षी मादीच असतो. शेताच्या बांधावरून पाहणाऱ्याला तीच दिसते. नावाने हंगामाचा हा उत्तरार्ध नोंदविला आणि तो पूर्वार्धावर लादला. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या खोप्यावरील प्रसिद्ध कवितेतही, जी त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये ग्रंथरूपाने वाचकांसमोर आली, घरटे टांगणारी आईच आहे. त्या कवितेचे मोल पक्षिशास्त्राच्या मापाने ठरत नाही, आणि ठरवूही नये. परंतु शालेय वाचनातून ती कविता आणि ते नाव दोन्ही ज्याच्या मनावर ठसली आहेत, त्या विद्यार्थ्याने पिवळ्या माथ्याच्या पक्ष्याला विणताना प्रत्यक्ष पाहिले तरी तो त्याला ‘ती’ म्हणूनच पाहण्याचा संभव आहे. पुरावा समोर असता तो न दिसणे, हा या नावाचा खरा परिणाम होय.

लोकनिरीक्षणाची हीच दुहेरी घडण सुगरणीविषयीच्या आणखी एका समजुतीत आढळते. पक्षी घरट्यात ओली माती लावून तिच्यात काजवे चिकटवतो आणि रात्री घरट्यात उजेड करतो, असे सांगितले जाते. अर्धवट घरट्यांच्या आतून मातीचे गोळे लावलेले असतात, हे खरेच आहे; काजव्यांचा दिवा मात्र कल्पनेने लावलेला आहे. टी. सी. जर्डन या एकोणिसाव्या शतकातील पक्षिशास्त्रज्ञाने वाऱ्यात घरट्याचा तोल राहावा म्हणून हे वजन असावे, असा तर्क केला. लोकसमजूत आणि शास्त्रज्ञाचा तर्क यांत येथे अंतर आहे ते एवढेच, की जर्डनचा तर्क वजन करून तपासता येण्याजोगा आहे. पाहणे आणि अर्थ लावणे ही दोन कामे वेगळी ठेवण्याची शिस्त लोकनामात नसते. शास्त्रीय निबंधात ती असावी लागते.

४

ही शिस्त सलीम अलींच्या निबंधाने कितपत पाळली? परीक्षकाला येथे गुणाबरोबर मर्यादाही नोंदवावी लागते. निबंधाच्या उपशीर्षकात त्यांनी आपल्या कार्याला विणीच्या हंगामातील या पक्ष्यांच्या ‘गृहसंबंधां’चा नवा अर्थ असे म्हटले आहे. म्हणजे जुना समज मोडणारा शास्त्रज्ञही घरसंसाराच्या रूपकातच बोलतो. मराठीत याच व्यवस्थेला ‘क्रमिक बहुपत्नीकत्व’ असा प्रतिशब्द देण्यात येतो. त्यातही ‘पत्नी’ येऊन बसतेच. रूपक बदलले, त्याचे घर तेच राहिले.

परंतु लोकनामातील रूपक आणि निबंधातील रूपक यांच्या कार्यात मोठा फरक आहे. लोकनामात रूपक निरीक्षणाच्या आधी येते व त्याची जागा घेते. सलीम अलींच्या लेखनात ते निरीक्षणानंतर येते: कोणी विणले, कोणत्या टप्प्यावर थांबविले, कोण आत शिरले, कोण निघून गेले, हे क्रमाने सांगून झाल्यावर त्या संपूर्ण क्रमाला एक सोयीचे नाव म्हणून. रूपक काढून टाकले तरी क्रम अबाधित राहतो. शास्त्रीय गद्यातील रूपकाची ही कसोटी मानावयास हरकत नाही.

निबंधाची खरी मर्यादा दुसरीकडे आहे. ‘कोण’ आणि ‘कोणत्या क्रमाने’ या प्रश्नांची उत्तरे त्यात मिळतात. ‘याच पक्ष्यात असे का’ या प्रश्नाचे उत्तर एका गावच्या एका जातीच्या निरीक्षणातून मिळण्यासारखेच नव्हते. त्यासाठी जातींच्या वैविध्याकडे जावे लागते. वसंत आंबेडकर यांचा भारतीय सुगरण जातींच्या प्रजननजीवनावरील ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जॉन हरेल क्रुक यांनी आफ्रिका आणि आशियातील सुमारे ९० विणकर जातींची तुलना केली. वनात राहणाऱ्या, कीटकांवर जगणाऱ्या जाती बहुधा एकेकट्या जोडीने राहतात. त्यांचे अन्न विखुरलेले असते आणि पिलांना दोघांनी भरवावे लागते. उघड्या गवताळ प्रदेशातील धान्यभक्षी जाती मात्र वसाहत करून राहतात. तेथे अन्न एका ठिकाणी विपुल असते, सुरक्षित झाडे थोडी असतात, आणि मादी एकटी पिले वाढवू शकत असल्याने नर दुसरे घरटे विणावयास मोकळा होतो. किहीमला जे दिसले ते कोणा एका पक्ष्याच्या स्वभावाचे लक्षण नव्हते. गवत, धान्य, पाऊस आणि झाड यांच्या मांडणीतून निघालेली ती व्यवस्था होती. परिस्थितिविज्ञानाने या निबंधाला दिलेला हा अर्थ मूळ निबंधापेक्षा व्यापक आहे, परंतु त्या निबंधातील अचूक क्रमाशिवाय तो उभा राहिला नसता.

तिसरा प्रश्न उरतो तो निवडीचा. मादी नेमके काय तपासते? विणकामाच्या सफाईवरून ती नराची पारख करीत असावी, ही कल्पना मोहक आहे. ‘सुगरण’पणाचा मान विणणाऱ्याकडून पारखणारीकडे नेणारी म्हणून मराठी मनाला विशेष रुचणारी. सुहेल क्वाडर यांच्या २००५ व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मात्र असे दिसून आले की मादीच्या निवडीत घरट्याच्या बांधणीपेक्षा त्याच्या जागेला अधिक वजन असते. म्हणजे येथेही एक आकर्षक अर्थ मोजमापापुढे मागे सरला. या विषयात मोहक अर्थाला प्रत्येक टप्प्यावर अशीच माघार घ्यावी लागली आहे, ही गोष्ट संशोधकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

५

या सर्व चर्चेचा मराठीतील शास्त्रीय लेखनाशी प्रत्यक्ष संबंध आहे, आणि तो केवळ नावापुरता नाही. इंग्रजीत पक्षी घरटे विणतो हे वाक्य कर्त्याचे लिंग न सांगता लिहिता येते. क्रियापद काहीच उघड करीत नाही. नर विणतो की मादी, हे ठाऊक नसलेला लेखकही इंग्रजीत बिनधोक लिहू शकतो, आणि त्याचे अज्ञान वाक्यात झाकले जाते. मराठी वर्तमानकाळ ही सवलत देत नाही. ‘विणतो’ किंवा ‘विणते’ यांतून निवड करावीच लागते. वर्तनाच्या अभ्यासकाला ही अडचण नसून वरदान आहे: भाषा त्याला प्रत्येक वाक्याशी विचारते, की कर्ता पाहिला आहे काय?

दुर्दैवाने मराठी शास्त्रीय गद्याने या प्रश्नापासून सुटण्याच्या दोन वाटा रूढ केल्या आहेत. पहिली वाट जातिनामाच्या लिंगामागे लपण्याची. ‘सुगरण घरटे विणते’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आणि पक्षिशास्त्राने सदोष आहे. क्रियापद नामाच्या लिंगाशी जुळले, पक्ष्याच्या लिंगाशी जुळले नाही. शिवाय हे लिंग पसरत जाते. भारतात विणकर पक्ष्यांच्या चार जाती आढळतात. सुगरणीखेरीज छातीवर रेघा असलेली, काळ्या छातीची, आणि हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत राहणारी, आज धोक्यात आलेली फिनची सुगरण. महाराष्ट्राच्या बोलींत जिला स्वतःचे नाव असण्याचे कारणच नव्हते, त्या तराईतील जातीलाही मराठीत आणताना ‘ची’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय आणि त्यासह ते जुने विधान आपोआप चिकटते.

दुसरी वाट कर्मणी रचनेची. ‘घरटे विणले जाते’, ‘मातीचे गोळे लावले जातात’, ‘पिलांना भरविले जाते’ अशी वाक्ये शास्त्रीय गांभीर्याची खूण समजली जातात. भूतकाळातील ‘पक्ष्याने घरटे विणले’ ही रचनाही तीच सोय देते. तेथे क्रियापद घरट्याशी जुळते आणि विणणारा नर की मादी हे गुप्त राहते. रसायनाच्या प्रयोगात द्रव कोणी ओतला याला महत्त्व नसते, म्हणून तेथे ही रचना शोभते. पक्ष्याच्या वर्तनात ‘कोणी’ हाच प्रश्न असतो. १९३१ च्या निबंधाचा सारा शोध कर्त्याचा शोध आहे. तो कर्मणी प्रयोगात सांगितला तर निबंधातील निष्कर्षच नाहीसा होईल.

मराठीत पक्षिनामांच्या संग्रहाचे मोठे कार्य झालेले आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या ‘पक्षिकोशा’सारख्या ग्रंथाने प्रदेशाप्रदेशांतील नावे एकत्र आणून अभ्यासकांना ऋणी केले आहे. यापुढील काम त्या नावांच्या परीक्षणाचे आहे. प्रत्येक नावात पाहिलेले किती आणि मानलेले किती, हे वेगळे काढणे हे भाषेच्या आणि पक्षिशास्त्राच्या अभ्यासकांनी मिळून करावयाचे काम होय. रंगावरून, आवाजावरून, चालीवरून पडलेली नावे बहुधा निरीक्षणावर भक्कम उभी असतात. स्वभावावरून व नात्यावरून पडलेली नावे तपासून घ्यावी लागतात.

‘सुगरण’ हे नाव टाकून देण्याचे कारण नाही. लोकांनी ओळखलेला पक्षी लोकांच्याच नावाने ओळखला जावा. कृत्रिम प्रतिशब्दाने त्याची ओळख तेवढी हरवेल. नाव जातीपुरते ठेवावे आणि वाक्यात कर्ता स्पष्ट करावा, एवढेच पुरे आहे: सुगरणीचा नर विणतो, मादी पारखते, मादी उबवते. या तीन छोट्या वाक्यांत क्रियापदांची रूपे आपले काम चोख करतात, आणि सलीम अलींनी किहीमच्या एका पावसाळ्यात जे पाहिले ते मराठी व्याकरणाच्या साध्या नियमानेच वाचकापर्यंत पोहोचते.